आमची सोसायटी ग्रीन झाली

जुनी बिल्डिंग पाडली की डेब्रिज तरी ट्रकवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते आमच्याकडेच राहिले. मुलुंडला आमची तीन मजल्यांची सोसायटी होती, तिथे आता टॉवर आहे. मधली वर्षं आम्ही सगळे भाड्याच्या घरांत विखुरलो होतो. आता लिफ्टपाशी दोघं जुने भेटले की एक तरी आठवण निघते, आणि लिफ्ट आपली रिकामीच वर जाते. त्यातल्याच या काही.

*

रिडेव्हलपमेंटची पहिली मीटिंग. बिल्डरकडून पल्लवी नावाची तरुण आर्किटेक्ट आली होती. बिल्डिंग ग्रीन करायची तर काय काय करावं लागेल, ते ती समजावत होती. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, गच्चीवर सोलर, ओल्या कचऱ्याचं खत, पाणी कमी सोडणारे नळ, क्रॉस व्हेंटिलेशन.

तळमजल्याचे सावंतकाका पहिल्या रांगेत होते. मूळचे मालवणकडचे, विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, घरात वारा येणार की नाही?

पल्लवी म्हणाली, "येणार ना काका. समोरासमोर खिडक्या. तेच तर क्रॉस व्हेंटिलेशन."

"मगे इंग्रजीत कित्या घाबरवतास?"

अख्खी मीटिंग हसली. मला वाटतं, आमचा होकार तिथेच झाला. सह्या नंतर झाल्या.

*

जोशीबाईंची काळजी वेगळी होती. त्या शाळेतून रिटायर झालेल्या. उन्हाळा आला की त्यांच्या कुरडया-पापडांनी गच्ची भरायची आणि बिल्डिंगमधली सगळी पोरं कावळे हाकायला बसायची. प्लॅनमध्ये गच्चीभर सोलर पॅनल बघून त्यांनी विचारलं, वाळवण कुठे घालायचं? पल्लवीने समजूत घातली की पॅनल उंच स्टँडवर असतील, खाली बसायला छान सावली मिळेल.

जोशीबाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे ऊन त्यांना आणि सावली आम्हाला."

त्या वर्षी त्यांनी घरोघरी कुरडया वाटल्या. नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त. जुन्या गच्चीवरचं ते शेवटचं वाळवण.

*

मग झाडांचं भांडण. आवारात इथल्याच मातीतली झाडं लावायची होती. पल्लवीने व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिस्ट टाकून विचारलं, कोणाला कुठलं झाड हवं? वाटच लागली! सावंतकाकांना सुरंगी हवी होती, जोशीबाईंना बकुळ. मी आजोळची आठवण काढून कदंब सुचवला. जो तो आपल्या गावचं झाड मागत होता. जागा मोजकी आणि गावं फार, असं शेवटी पल्लवीलाच लिहावं लागलं.

दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई एकटेच गप्प होते. मी फोन करून विचारलं, तुम्हाला काहीच नको का? ते जन्मले याच बिल्डिंगमध्ये, वडील गेले तेही इथेच. आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात.

म्हणाले, "मला दुसरं गाव कुठे आहे? हीच बिल्डिंग. हिचं झाड असेल लिस्टमध्ये तर सांगा."

लिस्टमध्ये नव्हतं.

*

बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा मी भांडुपला गेले, जोशीबाई लेकीकडे घाटकोपरला. सावंतकाका-काकूंना परवडेल अशी जागा कांजूरमार्गला मिळाली, डंपिंग ग्राउंडच्या बाजूला. मी भेटायला गेले तर भर उकाड्यात खिडक्या बंद. काका म्हणाले, वारा भरपूर आहे, पण एकटा येत नाही.

"जलमभर जो कचरो मुलुंडातून धाडलंय, तो आता रोज माका भेटूक येता."

तेव्हापासून त्यांनी ओला-सुका कचरा वेगळा करायचा ध्यास घेतला. गॅलरीत कुंडीत खत करायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा जरा सरकलाय. नवीन घरी जाताना आपलं खत घेऊन जायचं, असं त्यांनी काकूंना सांगून ठेवलं होतं.

ते राहिलंच. काम चालू असताना दर रविवारी दोघं मुलुंडला यायची. वॉचमन आत सोडायचा नाही, मग रस्त्यापलीकडे उभे राहून काका बोट दाखवायचे, आपली खिडकी ती. वरचे मजले चढायच्या आत काका गेले. हा काही किस्सा नाही. पण हे गाळून पुढे कसं जायचं?

*

चाव्या मिळाल्या. जोशीबाई माझ्या शेजारी आल्या. जुन्या बिल्डिंगमध्ये सकाळी तासभरच पाणी यायचं, आणि जोर फक्त खालच्या नळाला. आम्ही सगळ्या बादल्या घेऊन तिथे. तिथेच भाज्यांचे भाव, तिथेच सुनांच्या तक्रारी, अन् तिथेच समेट. नवीन नळाला बारीक धार येते, पण दिवसभर येते. पहिल्या आठवड्यात जोशीबाई माझ्याकडे येऊन बसल्या. पाण्याचा काही त्रास आहे का, म्हणून विचारलं.

"त्रास नाही गं. सारखंच असतं पाणी. मग बायकांनी भेटायचं कधी?"

त्या चहाला थांबल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या.

*

आणि आता सावंतकाकू. त्या आमच्याच मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला एकट्या राहतात. वीज वाचवायला पॅसेजमध्ये सेन्सरचे दिवे बसवलेत. माणूस हलला की लागतात, हालचाल थांबली की विझतात. काकू तिन्हीसांजेला दार उघडं ठेवून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात. दिवा विझला की हात वर करून हलवतात, मग लागतो. लिफ्टमधून नवीन लोक बाहेर येतात, त्यांना वाटतं आजी आपल्यालाच हात करतायत. तेही हसून हात करतात. एका छोट्या मुलीने तर त्यांचं नावच टाटा-आजी ठेवलंय.

परवा ऑफिसमधून आले तर काकूंचा हात चालूच. मी म्हटलं, काकू, कंप्लेंट करते, दिवा जास्त वेळ चालू राहील असं करून देतील. आणि तोवर आत बसा ना, इथे कशाला अवघडून बसता?

दिवा विझला. अंधारात बांगड्या वाजल्या आणि परत उजेड झाला. काकू लिफ्टकडे बघत होत्या.

"कोण इले, तर तेंका दार दिसाक व्हया गो."