मागाहून पडणारी टाळी

गणपतीच्या आरतीत माझ्या लेकीची टाळी चुकली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. इथे आखातात, खैतान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दरवर्षी पाच-सहा मराठी घरं जमतात. बाहेर आवाज जायला नको म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, झांजा दबक्या आवाजात. आम्हा सगळ्यांची टाळी पडली की मागाहून, रिकाम्या जागेत, हिची एकटीची पडायची. जन्मल्यापासून इथेच आरतीला उभी राहणारी पोरगी बारावीत येऊन टाळी चुकते? आणि चुकत तरी कसली होती, दर वेळी बरोब्बर तिथेच पडत होती.

मी नर्स आहे. लक्षणं दिसली की मला गप्प बसवत नाही. शुक्रवारी सकाळी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून जायची आणि परत यायची ती घसा बसवून. फिजिक्स वाचून कुणाचा घसा बसतो हो? भांडी पुसताना गुणगुणायची, त्यात येशूचं नाव. मग एक दिवस तिच्या कपाटात, चादरींखाली, जांभळा पायघोळ झगा सापडला आणि माझं धाबं दणाणलं.

नवरा मीना अल-अहमदी बंदरातल्या रिफायनरीत इंजिनिअर. दिवसभर गळत्या शोधतो, पण घरातलं काही दिसेल तर शपथ! मलाच म्हणाला, तू पोलिसात जायला हवं होतंस, सरळ विचार की तिला. विचारलं असतं, पण आम्हीही तिच्यापासून एक गोष्ट लपवली होती. जूनमध्ये इथलं सगळं आवरून कायमचं नाशिकला जायचं ठरलं होतं आणि परीक्षा होईपर्यंत तिला सांगायचं नव्हतं. त्याआधीच पोरगी हातातून गेली तर?

नाताळच्या आदल्या शुक्रवारी ती झगा पिशवीत घालून निघाली. मी मागोमाग. मैत्रिणीच्या आईनं दार उघडलं, हसून आत घेतलं, हातात केकची बशी दिली. मला तो केकसुद्धा संशयास्पद वाटला. आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले. शाळेच्या संगीताच्या बाई कीबोर्डवर होत्या आणि झगे घातलेली दहाबारा मुलं नाताळची गाणी म्हणत होती. पण संथ नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये म्हणतात तशी, डोलत, अंगात आल्यासारखी. टाळ्या सगळ्यांच्याच मागाहून. म्हणजे ती टाळी इथून आली होती तर. मी हाताची घडी घालून बसले आणि यातलं कोण पाद्री असेल ते शोधू लागले.

मग बाईंनी लय उतरवली, आता ब्लूज, त्याच लोकांचं दुःखाचं गाणं, असं म्हणाल्या, आणि माझी लेक एकटी पुढे आली. सणाला घरी जाता न आलेल्या माणसाचं गाणं होतं. ती सूर ओढायची, मोडायची, पुन्हा उचलायची. इतक्या दिवाळ्या वॉर्डात काढताना नाशिकसाठी माझ्या पोटात जे तुटायचं, ते सगळं त्या आवाजात होतं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. हिनं कुठलं घर सोडलंय?

परतताना मी विचारून टाकलं, धर्म बदलायचाय का तुला? ती खो खो हसली. तिला नुसतं गाणं आवडत होतं, आणि मी घर डोक्यावर घेईन म्हणून सांगितलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मग एवढं रडवणारं गाणं कुणाच्या घरासाठी गं, मी चिडवलं.

ती आमच्या बिल्डिंगखाली थांबली. वर आमच्या खिडकीत तुळशीची कुंडी दिसत होती.

"धिस वन," ती म्हणाली. एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी माझी पोर, पुढचं मात्र मराठीत बोलली. "बाबा फोनवर बोलत होते ते मी गणपतीच्या आधीच ऐकलंय. आई, जूननंतर मला सणाला घरी यावंसं वाटलं, तर मी कुठे यायचं?"

'नाशिकला' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला.