शेजारची खुर्ची

काजाबाईंची जीभ त्यांच्या सुईपेक्षा धारदार आहे, असं शिंप्याच्या दुकानात सगळे म्हणत. अर्थात त्या जेवायला घरी गेल्यावर. तीस वर्षं त्या तिथे हातानं काजं करत होत्या. त्यांना रडताना कुणीही पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हासुद्धा भेटायला आलेल्यांना त्यांनीच धीर दिला, आणि चहाही.

एकट्या राहणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता त्यांना मिळे. एक दिवस भत्ता देणाऱ्या खात्याच्या तपासनिसाचं पत्र आलं, समक्ष भेटा. धाकटी बहीण आधाराला म्हणून सोबत निघाली. खरं म्हणजे ऐकायला.

तपासनिसाच्या टेबलावर काजाबाईंचं बँकेतलं अख्खं वर्ष पसरलं होतं. खोकल्याच्या औषधापासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"बँकेकडून मागवलं. आम्हाला अधिकार आहे, बाई."

"आणि आधी मला विचारायची रीत?"

त्यानं कागदावर मारलेल्या पिवळ्या रेघा दाखवल्या. "दर शनिवारी सिनेमाची दोन तिकिटं. तुम्ही तर एकट्या राहता म्हणता. दुसरं कोणाचं?"

बहिणीनं खुर्ची पुढे ओढली. "दोन? अगं ताई, कोण आहेत ते?"

"गप बस गं."

"सांगितलं नाहीत तर भत्ता थांबवावा लागेल," तपासनीस म्हणाला.

काजाबाईंनी पिशवीचे बंद आवळले. भत्ता गेला तर घरभाडं कुठून द्यायचं? आणि सांगितलं तर तीस वर्षांचा दरारा पाण्यात.

"मी कोपऱ्यातली खुर्ची घेते," त्या भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाल्या, "आणि शेजारची रिकामी ठेवते. सिनेमात मला रडू येतं. हमसून हमसून. मारामारीच्या सिनेमातसुद्धा! ते कुणी बघू नये म्हणून दुसरं तिकीट. जगात तेवढीच एक जागा माझी होती, तिथेही तुम्ही येऊन बसलात."

तपासनीस उगाचच पेनाचं टोपण शोधू लागला. ते पेनालाच होतं.

"कारण... काय लिहू?"

"पिशवी ठेवायला."

त्यानं निमूट तेच लिहिलं आणि शिक्का मारला. भत्ता चालू.

बहिणीनं हसू कसंबसं रस्त्यापर्यंत आणलं. "ताई, मारामारीत रडतेस तरी कोणासाठी गं?"

"ते बँकेलाही ठाऊक नाही. तुला बरं सांगेन!"

त्या शनिवारी काजाबाईंनी तिकिटं खिडकीवर रोख पैसे देऊन काढली. दोनच.