किडनीचं सुतक

सायबुआ मावशीच्या जिभेला थायलंडमधल्या आमच्या खोनकेन शहरात तोड नाही. बसस्थानकासमोर तीस वर्षं ती कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकतेय, आणि गिऱ्हाईक रेंगाळलं की त्याला मिरचीआधी तिचा टोमणा झोंबतो. त्यातली शेवटची सहा वर्षं ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला बांधलेली. शेवटी एका अनोळखी मृताची किडनी तिला मिळाली आणि बाई आमच्या वॉर्डात, म्हणजे माझ्या डोक्यावर, येऊन बसली. मी तिथली नर्स.

किडनी बसवली, पण लघवीचा पत्ता नाही. सहाव्या दिवशी पिशवीत जेमतेम दोन चमचे. डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढून तपासला.

"शरीरानं नाकारलेली नाही. बर्फात लांबून आलीय, झोपलीय. मेलेल्या माणसाच्या किडनीचं होतं असं कधीकधी. उठेपर्यंत डायलिसिस करू."

उठलीच नाही तर, हे मावशीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. पुन्हा ते मशीन आणि पुन्हा वर्षानुवर्षं वाट बघणं.

मग तिनं किडनीलाच फैलावर घेतलं. रोज सकाळी पोटावर हात ठेवून सुरू, "अगं ए महाराणी! ऊन डोक्यावर आलं. फुकट खायला आलीस का? माझ्या जुन्या दोघी नालायक, पण निदान पन्नास वर्षं राबल्या!"

"मावशी, टाके तुटतील," मी म्हणायचे.

"तुटू देत. हिची झोप तरी मोडेल."

नवव्या दिवशी तिची थोरली बहीण तोंगमुआन गावाहून आली. मास्क लावून आत शिरली, दोन मिनिटं शिव्या ऐकल्या आणि बहिणीच्या हातावर फटकन चापट मारली.

"लाज नाही वाटत? हिचं माणूस जाऊन किती दिवस झाले?"

"कुणाचं?"

"किडनीचं! नऊच ना? सुतकातल्या बाईला कामाला जुंपतेस?"

मावशीनं पुढची शिवी चक्क गिळली. हे दृश्य मी पहिल्यांदाच पाहत होते.

आमच्या ईसानात, थायलंडच्या या ईशान्य भागात, माणूस गेलेलं घर कुणी एकटं सोडत नाही. शेजारीपाजारी जमतात, पत्ते कुटतात, चावट विनोद करून घरच्यांना हसवतात. या बिचारीकडे मात्र कुणी फिरकलं नव्हतं, वर घरमालकीण शिव्या घालत होती.

दुसऱ्या दिवसापासून भेटीच्या वेळी काचेबाहेर बाजारातल्या सहा जणी हजर. आत मावशीच्या पोटावर स्पीकर लावून फोन ठेवलेला, किडनीला ऐकू जावं म्हणून. मासळीवालीनं नवऱ्याच्या लुंगीचा किस्सा सांगितला, तो मी इथं लिहिणार नाही. तोंगमुआन पलंगावर पत्ते वाटायची आणि त्यात एक वाटा किडनीचा.

"वॉर्डात पत्ते?" मी ओरडले.

"मयताच्या घरी चालतात," ती म्हणाली. "बस, तुला पण वाटते."

मी दोन डाव हरले. दोन्ही डाव किडनीनं जिंकले.

तेराव्या दिवशी लुंगीचा किस्सा फर्माईशीवरून पुन्हा रंगला होता. मावशी "आई गं, टाके!" करत हसत होती. मी पिशवी बघायला वाकले, तर पिशवी हाताला गरम लागली. निम्मी भरली होती. डॉक्टर म्हणतात, या किडन्या साधारण एवढ्याच दिवसांत उठतात, विनोदांचा काही संबंध नाही. नसेल. मी मास्कच्या आत रडून घेतलं.

मावशीनं मान वळवून पिशवी बघितली. मग बहिणीला म्हणाली, "विहारात जा. हिच्या माणसासाठी भिक्खूंना जेवण घाल."

"पुण्य पोचायला चिठ्ठीवर मेलेल्याचं नाव लागतं, नातंही."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "आम्हालाही सांगत नाहीत, मावशी," मी म्हणाले. खरंच सांगत नाहीत.

तोंगमुआननं पेन काढलं. "नाव मोकळं सोडते. आणि नातं?"

मावशीनं पोटावर हात ठेवला, या वेळी हळूच.

"सख्खं," ती म्हणाली. "लिही."