पांढरं मलम
परवा मेडिकलच्या दुकानात उन्हाचं मलम मनगटावर लावून पाहिलं. कितीही चोळलं तरी ते चुन्यासारखं पांढरंच राहिलं, आणि मला आमचं हळदीचं खळं आठवलं. वडील गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. शिजवलेली हळद वाळवायला आई दिवसभर उन्हात असायची. गालांची सालं निघाली होती, वासाच्या क्रीमने तर आणखीच आग व्हायची. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मग बिनवासाचं, झिंकचं मलम सांगितलं. मी ते आईला लावलं, तर चेहरा पांढराफटक दिसायला लागला. आईने आरशात पाहिलं आणि पदराने सगळं पुसून काढलं. "काहून पुसलं?" "नवरा जाऊन वरीस न्हाई झालं, अन् ही पावडर लावून निघाली म्हणतीन लोकं." आजी भिंतीला टेकून ऐकत होती. मुलगा गेल्यापासून ती फारशी बोलत नसे. तिचं स्वतःचं कपाळ तर माझ्या जन्माआधीपासून मोकळं. ती उठली, "आण इकडं," म्हणाली, आणि बोटभर मलम आपल्या सुरकुतलेल्या गालांना फासलं. मग सुनेच्या. "आता काय म्हणायचं ते दोघींला म्हणू दे." सासू-सुना तशाच पांढऱ्या तोंडांनी गावातून खळ्याकडे गेल्या. पारावरची माणसं बोलायची थांबली, पण कुणी काही म्हणालं नाही. परवा मेडिकलवाला म्हणाला, "ताई, पांढरं न दिसणारं बी आलंय." मी लेकीसाठी पांढरंच घेतलं.