श्युए म्हणजे बर्फ

चिनी डॉक्टर पेशंटचा दात नंतर बघत, आधी त्याचं नाव नीट म्हणायला शिकत. 'मल्लिकार्जुन' जमेना, तेव्हा त्यांनी एका पानवाल्याला दुखऱ्या दाढेसकट पाच मिनिटं खुर्चीत बसवून ठेवलं होतं. "नाव चुकलं तर दात पण चुकीचा निघंल की," म्हणायचे. त्यांचं स्वतःचं आडनाव मात्र शुक्रवार पेठेत कुणालाच येत नव्हतं. पाटीवर रंगाऱ्यानं भलतंच काही रंगवलं होतं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. मोठी माणसं 'चिनी डॉक्टर' म्हणत. पोरं त्याहून वाईट काही म्हणत. चुलतभावाचा दवाखाना चालवायला ते सोलापुरात आले आणि पेठेतलीच मराठी शिकले, 'लई' आणि 'हितं'वाली.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी जुन्या इंग्रजी पुस्तकातली चिनी अद्भुतकथा मराठीत करायला घेतली. सासरी निघालेली मुलगी बर्फात वाट चुकून मरते आणि भूत होऊन एका गरीब विद्यार्थ्याच्या दाराशी येते, अशी गोष्ट. तिच्या नावाची इंग्रजी अक्षरं होती एच, एस, यू, ई, एच. उच्चार काय करायचा कळेना, म्हणून दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उचलला आणि खालच्या दातांच्या मागं बोट टेकवलं. "जिभेचं टोक हितं. ओठ शिट्टी वाजवल्यागत. म्हणा, श्युए."

मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आवाज खाली जाऊन वर यायला पायजे. आडातनं पोहरा ओढल्यासारखा. तुमी नुसता खाली आपटला. तसं म्हटलं की रक्त होतं. ही बर्फ हाय."

"भुताचं नाव रक्त असलं तरी शोभेल की."

"तुमाला भूत म्हटलं की रक्तच दिसतं. ही कुणाला मारत न्हाय, बाई. थंडीनं मेली बिचारी. दारात येऊन एवढंच म्हणती, आत घ्या."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी जायची. पाचव्या खेपेला उच्चार जमला. डॉक्टर खूश झाले, आणि त्या खुशीतच असावं, पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले. बासष्टच्या लढाईत त्यांना आणि त्यांच्या बायकोला आसामातून उचलून राजस्थानातल्या छावणीत ठेवलं होतं. गुन्हा म्हणाल तर चेहऱ्याचा. दुसऱ्या वर्षी बायको तापानं गेली. मृत्यूच्या कागदावर कारकुनानं दुसरंच नाव लिहिलं.

"दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणाला, तुमची सगळी नावं सारखीच. कागदावर माझी बायको मेलीच न्हाय. दुसरीच कोणतरी मेली."

हे सांगताना ते उकळत्या पाण्यातून चिमटे काढत होते. मला वाईट वाटलं. मग मी गोष्टीतल्या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ विचारला.

छपाईआधी प्रुफं माझ्याकडे आली. संपादकांनी नाव बदललं होतं. श्युएची 'रक्तपिपासू चिंगी' झाली होती. समासात लिहिलं होतं, 'मूळ नाव वाचताना वाचक शिंकतील.' 'नाव बदलू नका' अशी एका ओळीची चिठ्ठी पाठवली असती तरी चाललं असतं. पण माझं पहिलंच छापून येत होतं. मी सही करून प्रुफं परत धाडली.

अंक निघाला, पण मी तो देणार नाही हे डॉक्टरांनी ओळखलं असावं. स्टेशनवरच्या स्टॉलवरून त्यांनी तो स्वतः विकत आणला होता. मला बोलावून चित्राचं पान उघडलं. केस मोकळे सोडलेली बाई, ओठांतून रक्त गळतंय.

"हिला हे सुळे कुणी बसवले?"

"संपादकांनी बदललं सगळं."

"तुमाला ठावं नव्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. "होतं," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. अंक मिटून माझ्या हातात दिला. पुढं माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली, नेहमीच्याच काळजीनं, पण 'तोंड उघडा' आणि 'चूळ भरा' यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते कलकत्त्याला पुतण्याकडे कायमचे निघाले, असं कळलं. मी गेले तेव्हा खोक्यात अवजारं भरणं चाललं होतं. एकेक चिमटा वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"डॉक्टर, माझं चुकलं."

"त्या भुताचं नाव इचारायला तुमी पाच शनिवार आला," ते मान वर न करता म्हणाले. "माझ्या बायकोचं एकदाबी इचारलं न्हाय."

मी विचारलं, "काय नाव होतं त्यांचं?"

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, सुतळी दोनदा फिरवून गाठ मारली.

"आता नको, बाई. तुमी छापाल."