गहिनीनाथची आठची फेरी

नागापूरच्या कारखान्यात गहिनीनाथच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. मिळालेल्या भरपाईतून त्याने रिक्षा घेतली. हे तो कोणालाही हसत सांगायचा. "दोन बोटं दिली, तीन चाकं घेतली. सौदा वाईट न्हाई, वहिनी."

नागापूर ते दिल्लीगेट, सावेडीवरून, अशी त्याची सीटवर चालणारी रिक्षा. भरली की सुटायची, त्याआधी नाही. मला त्याचाच राग यायचा. माझी मुलगी मनवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात, आणि घरी येणार ती कोणाच्या तरी मांडीला मांडी लावून! स्कूटर मी तिला घेऊ दिली नाही. मनमाड रस्त्यावरचे ट्रक मी पाहिलेत. तिचे बाबा जामखेडला नोकरीला, आठवड्यातून एकदा येणार. मनवा रात्री साडेआठच्या सुमारास घरात आली की मगच मला जेवण जायचं. आणि तिचं येणं गहिनीनाथच्या हातात होतं. आठ बोटांच्या.

कारखाना आठला सुटतो. पण गेटवर मुलींच्या पिशव्या तपासायला एकच बाई, त्यामुळे शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत सव्वाआठ वाजतात. गहिनीनाथ स्वतः सहा वर्षं त्याच भागात कामाला होता, त्याला हे ठाऊक होतं. म्हणून आठच्या फेरीचा त्याचा नियम वेगळा. पुरुष घ्यायचे नाहीत, आणि शेवटची मुलगी आल्याशिवाय निघायचं नाही.

"आई, आज एक जण दुप्पट भाडं देत होता," मनवा एकदा हसत आली. "गहिनीकाका म्हणाले, 'दादा, तू चालत जा, तेवढंच पोट कमी व्हईल.'"

मीही हसले. मनात मात्र म्हटलं, मग मुली किती कोंबतो हा?

मी दार उघडेपर्यंत तो रिक्षा हलवायचा नाही. एकदा काष्टीला गावी गेला तेव्हा माझ्यासाठी कोरफडीचं रोप घेऊन आला. ती कुंडी मी पुढच्या खिडकीच्या गजाला अडकवली. त्याच खिडकीतून एके रात्री, रिक्षा दाराशी थांबताच, मी मुली मोजल्या. सात. मागे पाच, पुढे त्याच्या शेजारी दोघी, आणि तो स्वतः सीटच्या काठावर, एक पाय बाहेर. मी मोबाईल काढून फोटो घेतला.

त्याच सुमारास विजेवरच्या नव्या बस येणार असं ठरलं. आमच्या कॉलनीच्या सभागृहात बैठक झाली. बसचा थांबा हवा की रिक्षांचा, जागा एकच होती. मी काढलेला फोटो पडद्यावर भिंतीएवढा दिसला. मी भाषण लिहून नेलं होतं. "कॅमेरा असलेली, वेळेवर सुटणारी, प्रत्येकीला स्वतःची सीट देणारी बस हवी, की ही गुरांची वाहतूक?" टाळ्या पडल्या.

मागे भिंतीला टेकून गहिनीनाथ उभा होता. तो म्हणाला, "बस येऊ द्या की. चांगलीच हाय. पर नागापूरची गाडी तुमी आठ धाला धरलीय. पोरी सव्वाआठला सुटतात. तेवढं लिवून घ्या."

"वेळापत्रक कॉम्प्युटर ठरवतो, काका," बसच्या ठेकेदाराकडचा तरुण म्हणाला. लोक हसले. मीही हसले.

ती पंधरा मिनिटं त्या सभागृहात माझ्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. मी रोज घड्याळाकडे बघत ती काढत होते. मी उठून दुजोरा दिला असता तर ऐकलं असतं; टाळ्या मला पडल्या होत्या. पण मग रिक्षात सात जणी का बसतात, हेही सांगावं लागलं असतं.

रिक्षांचा थांबा गेला. फोटोवरून गहिनीनाथचा परवाना अडकला. बस आली, निळी, गारेगार. नागापूरहून ती आठ दहाला सुटते, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मुली गेटातून पळत येतात तेव्हा तिचे मागचे दिवे दिसतात. पुढची साडेनऊला. मनवा रस्त्यावर उभी राहायची आणि मी दर दहा मिनिटांनी फोन करायचे. दोनदा ती अनोळखी गाडीतून आली, मला नंतर सांगितलं. मी बसवाल्यांना तीन अर्ज केले. नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं.

मग एक दिवस मनवा म्हणाली, "एक तारखेपासून मी नागापूरला खोली घेतेय, कामावरच्या निकिताबरोबर. मला रस्त्यावर उभं राहायचा कंटाळा आलाय. आणि तुझ्या फोनांचाही."

गहिनीनाथ गावी परतल्याचं कळलं होतं. मी जनावरांच्या बाजाराच्या दिवशी काष्टीला गेले. गहिनीनाथ टेम्पोत शेळ्या चढवत होता.

"या वहिनी. शेळी घेताय का?"

"गहिनीनाथ, परत या. निदान आठच्या फेरीला. मी सगळ्या मुलींशी बोलते."

"रिक्षा इकली की. आता ह्या बसत्यात माझ्याकडं. बारा कोंबल्या तरी कुनी फोटो काढत न्हाई."

"फोटो मी काढला, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पडद्यावर कोपऱ्यात कोरफड दिसत हुती, वहिनी."

त्याने टेम्पोचं फाळकं लावलं, कडी घातली. मग विचारलं, "मनवाताई कशी येती आता?"

"एक तारखेपासून येणार नाही."

त्याने लावलेली कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. तो टेम्पोत बसला आणि निघून गेला.

मनवाला जाऊन तीन महिने झाले. बस रोज आमच्या खिडकीसमोर थांबते, दार उघडते, कोणी उतरत नाही, दार मिटते. आज तो फोटो मी मोबाईलवर पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा करून पाहिला. तेव्हा मी फक्त डोकी मोजली होती. मागे मधोमध, दोन्ही बाजूंनी मुलींचा आडोसा, मांडीवर डबा. सगळ्यांत ऐसपैस बसलेली ती मुलगी माझीच आहे. आणि बाहेर लोंबणारा तो पाय त्याचा.