काकडीचं पाणी

सूनबाई ओट्याशी उभी राहून बाटलीतलं पाणी पीत होती. आत काकडीच्या चकत्या आणि पुदिना. तीन दिवस जेवण बंद, नुसतं हेच.

"कशाला गं हे?"

"डिटॉक्स, बाबा. अंगातली घाण निघून जाते."

"कसली घाण? आत्ताच तर न्हालीस."

ती हसली. मला हसू आलं नाही.

आमच्या हिच्या किडन्या गेल्या, तेव्हा मशीन तिचं रक्त धुवायचं. डॉक्टर म्हणाले होते, धडधाकट माणसाच्या अंगात हे काम आपोआप चालतं, झोपेतसुद्धा. मी चौथी शिकलेला, पण मला ते कळलं. या शिकलेल्यांना कळत नाही. चांगल्या चालत्या अंगाला घाण म्हणतात, आणि बाटल्याच्या बाटल्या रिचवतात.

किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी हिला दिवसाला तीनच पेले पाणी सांगितलं होतं. मीच मोजून द्यायचो. शेवटच्या संध्याकाळी म्हणाली, "अहो, घोटभर द्या की."

"आजचं संपलं. आता उद्या," मी म्हणालो. वर आवाजही चढवला.

सकाळी ती गेलेली होती. शेजारच्यांनी गंगाजळ आणलं, म्हणाले, "तोंडात घाला." मी घातलं. ते ओठांच्या कडेनं ओघळून उशीत जिरलं.